आधी धुराडे, मग शेगडी : फायरप्लेसमधील इन्सर्टची निवड

सांगलीहून सिमल्याला बदली झाल्याचा आदेश २०२२ च्या ऑगस्टमध्ये हाती पडला, तेव्हा आमच्या घरात सर्वाधिक चर्चा झाली ती भिंतीतल्या शेकोटीची. चित्रपटांतून पाहिलेली दगडी कमान, आत धगधगणारे ओंडके आणि समोर वाफाळता चहा, असे चित्र मनात घेऊनच आम्ही डोंगर चढलो. बँकेने भाड्याने घेतलेले निवासस्थान इंग्रजी अमदानीतील एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होते. बैठकीची खोली चौदा फूट बाय सोळा फूट, छत बारा फूट उंच आणि एका भिंतीत खरीखुरी फायरप्लेस. थंडी सुरू होताच मोठ्या हौसेने ओंडके रचून ती पेटवली. प्रथम खोली धुराने भरली. धूर ओसरला, ज्वाळा चांगल्या उठल्या, तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. शेकोटीसमोर बसलेल्यांच्या गुडघ्यांना चटके बसत होते, पाठ मात्र गारठत होती. आणि पलीकडच्या झोपण्याच्या खोलीतील थंडी शेकोटी पेटवल्यापासून उलट वाढली होती.

त्याच सुमारास शाखेत एक ग्राहक आले. मशोब्र्याच्या बाजूला त्यांची सफरचंदाची बाग आणि आजोबांनी विकत घेतलेला जुना बंगला. बंगल्याच्या तीन खोल्या पर्यटकांच्या निवासासाठी सजवायच्या आणि तिन्ही फायरप्लेसमध्ये लाकडावर चालणारे बंद इन्सर्ट बसवायचे, असा त्यांचा बेत होता. कर्जाच्या अर्जासोबत विक्रेत्याचे दरपत्रक जोडलेले होते. वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर शिक्षणाने मला ताळेबंद वाचायला शिकवले होते, धुराडे वाचायला नाही. त्यामुळे दरपत्रकातील रकमा बरोबर आहेत एवढेच सांगता येत होते. वस्तू बरोबर आहे का, हे सांगता येत नव्हते. घरची अडचण आणि टेबलावरचा अर्ज या दोन्हींमुळे या विषयाचा अभ्यास करावा लागला. डोंगराळ भागात बदली झालेले सहकारी आणि थंड हवेच्या ठिकाणी जुने घर घेऊ पाहणारे आपले ग्राहक यांना तो उपयोगी पडेल, असे वाटते.

उघडी आग खोलीला काय देते आणि काय नेते

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांना हे शास्त्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. बंबाच्या मधल्या नळीत विस्तव असतो, भोवती पाणी असते. नळी तापली की आतली हवा हलकी होऊन वर जाते आणि खालच्या जाळीतून नवी हवा ओढून घेते. नळी थंड असेतोवर बंब धुमसतो. एकदा ओढ बसली की धडधडू लागतो. धुराड्याचे कामही असेच चालते. फरक एवढाच की, बंबात वर जाणारी उष्णता वाटेत पाणी अडवून घेते. उघड्या फायरप्लेसमध्ये ती अडवणारे काहीच नसते. बंबातील पाणी काढून टाकावे आणि नुसती नळी तापवत बसावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणूनच उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडातील उष्णतेपैकी साधारणपणे दहा ते पंधरा टक्केच खोलीला मिळते, आणि तीही समोर बसलेल्याच्या अंगावर थेट पडणाऱ्या धगीच्या रूपाने. उरलेली आकाशात जाते. शिवाय रुंद धुराडे दर तासाला खोलीतील काहीशे घनमीटर हवा ओढून बाहेर टाकते. तेवढीच थंड हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून आत येते. आमच्या पाठीला लागणारा गारठा तो हाच.

या दोषाची जाणीव फार जुनी आहे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या दशकात लोखंडी पत्र्यांची शेगडी फायरप्लेसमध्ये बसवण्याची कल्पना मांडली. पुढे १७९६ मध्ये काउंट रमफर्ड यांनी फायरप्लेस उथळ करावी, बाजूच्या भिंती तिरक्या घ्याव्यात आणि धुराड्याचा गळा अरुंद ठेवावा, असे सुचवले. ही उथळ, मागे निमुळती होत जाणारी रचना इंग्रजांनी बांधलेल्या घरांतून सर्वत्र पसरली. सिमल्यातील अनेक बंगल्यांत ती आजही दिसते. इन्सर्ट घेताना ती कशी अडचणीची ठरते, ते पुढे येईलच.

इन्सर्ट म्हणजे काय

इन्सर्ट म्हणजे जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत सरकवून बसवण्याची, काचेचे दार असलेली बंद लोखंडी शेगडी. बंबाचीच उपमा पुढे न्यायची तर इथे पाण्याची जागा खोलीतील हवा घेते. पेटीच्या दुहेरी भिंतींमधून खालची थंड हवा आत शिरते, तापते आणि वरच्या झरोक्यांतून खोलीत परत येते. ज्वलनासाठी लागणारी हवा मात्र झडपांच्या साहाय्याने मोजून दिली जाते.

लाकूड जळते म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हे येथे समजून घेतले पाहिजे. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि एकूण उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक या वायूंतच असते. उघड्या आगीत त्यांचा बराच भाग न जळता धूर म्हणून निघून जातो. चांगल्या इन्सर्टमध्ये वरच्या बाजूने, आधी तापवून घेतलेली दुसरी हवा सोडलेली असते. पेटीच्या आतील उष्णतारोधक विटांमुळे तापमान टिकते आणि हे वायू काचेमागे पुन्हा पेट घेतात. ओंडक्यापासून वेगळ्याच, हवेत तरंगल्यासारख्या ज्वाळा दिसतात त्या याच. काचेवरून खाली वाहणारा गरम हवेचा पातळ पडदा काच काळवंडू देत नाही. अशा शेगडीची कार्यक्षमता साधारणपणे ६५ ते ८० टक्के असते.

विकत घेताना हा आकडा विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता पत्रिकेवर पाहावा. युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून लाकडाच्या बंद शेगड्यांना किमान ६५ टक्के हंगामी कार्यक्षमता बंधनकारक आहे. उघड्या शेगड्यांसाठी हीच मर्यादा ३० टक्के आहे. धुरातील कणांचे प्रमाण बंद शेगडीत घनमीटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. अमेरिकेत मे २०२० पासून कणांची मर्यादा तासाला २ ग्रॅम, आणि प्रत्यक्ष सरपण जाळून चाचणी घेतल्यास २.५ ग्रॅम अशी आहे. आयात केलेल्या वस्तूच्या पत्रिकेवर यांपैकी काहीच नसेल, तर ती जुन्या साठ्यातील असण्याची शक्यता धरून चालावे.

बिडाची घ्यावी की पोलादी पत्र्याची, यावर दुकानात बराच वेळ खर्च होतो. बीड सावकाश तापते आणि सावकाश निवते. पोलाद लवकर तापते. माझ्या मते हा आवडीचा प्रश्न आहे. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पंख्याचा. काही इन्सर्टमध्ये गरम हवा बाहेर ढकलण्यासाठी विजेचा पंखा असतो. हिमवर्षावाच्या रात्री वीज जाते आणि नेमकी त्याच रात्री शेगडी हवी असते. पंखा बंद असतानाही नैसर्गिक प्रवाहाने हवा फिरू शकेल, असेच मॉडेल येथे घ्यावे.

आणखी एक खुलासा. खोलीत मुळात फायरप्लेसच नसेल, तर इन्सर्टसाठी भिंत फोडण्यात अर्थ नाही. काश्मिरातील बुखारी किंवा हिमाचलात ज्याला ‘तंदूर’ म्हणतात ती पत्र्याची शेगडी (नाव ऐकून आमच्या मुलाला रोटी आठवली होती) खोलीत मोकळी उभी राहते आणि चारही बाजूंनी उष्णता देते. मात्र तिलाही पुढे सांगितलेले धुराड्याचे सारे नियम लागू आहेत. महाबळेश्वर-पाचगणीला बंगला घेऊन त्यात शोभेसाठी इन्सर्ट बसवू इच्छिणाऱ्यांना मी नम्रपणे नकोच म्हणेन. तिथली थंडी शालीने भागते.

पहिली तपासणी धुराड्याची

दुकानात आपण शेगडी पाहतो, तिची काच पाहतो, पितळी कड्या पाहतो. धुराडे घरात आणि भिंतीच्या आड असते, म्हणून ते कोणीच पाहत नाही. वास्तविक खरेदीची सुरुवात तेथूनच झाली पाहिजे.

आमच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या संमतीने २०२३ च्या एप्रिलमध्ये एका अनुभवी मिस्त्रीकडून धुराडे साफ करून घेतले. वरून पक्ष्यांची घरटी निघाली, काजळीचे पोते भरले, दोन विटा सुटून खाली आल्या. त्यानंतर मिस्त्रीने शेकोटीच्या जागी ओले गवत पेटवून धूर केला आणि धुराड्याचे वरचे तोंड पोत्याने झाकले. धूर कुठून गळतो ते पाहण्यासाठी आम्ही माळ्यावर चढलो. तो एका सांध्यातून झिरपत होताच. पण त्याहून भयंकर गोष्ट बॅटरीच्या उजेडात दिसली. देवदाराच्या एका तुळईचे टोक थेट धुराड्याच्या विटांत रुतवलेले होते आणि त्याचा हातभर भाग कोळशासारखा काळा पडला होता. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड मूळच्या मानाने पुष्कळ कमी तापमानाला पेट घेऊ शकते. त्या तुळईखाली आम्ही एक हिवाळा काढला होता.

सिमल्याच्या जुन्या घरांत हा धोका मोठा आहे. ‘धज्जी दीवारी’ म्हणजे लाकडी चौकटींत दगड-माती भरून उभारलेल्या भिंती. भूकंपात त्या उत्तम टिकतात, पण धुराड्याच्या शेजारी नेमके कुठे लाकूड आहे हे गिलाव्यामुळे कळत नाही. या शहरात पीटरहॉफ १९८१ मध्ये, जवळच्या छराबड्याचा वाइल्डफ्लॉवर हॉल १९९३ मध्ये आणि गॉर्टन कॅसलचे वरचे मजले २०१४ मध्ये आगीने गेले. या आगींचा संबंध फायरप्लेसशी जोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु लाकूड मुबलक असलेल्या इमारतीत आग एकदा धरली की ती आवरणे किती कठीण असते, हे येथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न धुराड्याच्या रुंदीचा. उघड्या आगीसाठी बांधलेले धुराडे ऐसपैस असते. इन्सर्टमधून येणारा धूर त्या मानाने थोडा आणि कमी गरम असतो, कारण उष्णता आपण खोलीत काढून घेतलेली असते. हा थोडा धूर रुंद, थंड पोकळीत शिरला की रेंगाळतो, निवतो आणि त्यातील वाफ व डांबरी द्रव्ये भिंतींवर जमतात. या काळ्या, चकचकीत थराला क्रिओसोट म्हणतात. तो पेटला तर धुराड्याच्या आत तापमान १००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. म्हणून इन्सर्टच्या तोंडापासून छपरावरच्या टोकापर्यंत धुराड्याच्या आतून स्टेनलेस स्टीलची अखंड नळी, म्हणजे लायनर, सोडावी लागते. घरगुती इन्सर्टना बहुधा १५० मिलिमीटर व्यासाची नळी लागते. नेमका व्यास उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो वाटेत कुठेही कमी करायचा नसतो. स्टील ३१६ प्रतीचे किंवा त्याहून सरस असावे, कारण लाकडाचा धूर आम्लयुक्त असतो. नळीभोवती खनिज लोकर किंवा व्हर्मिक्युलाइटचे वेष्टन असले की धूर गरम राहतो आणि ओढ चांगली बसते.

काही कारागीर स्वयंपाकघरातील चिमणीला वापरतात ती ॲल्युमिनियमची वळणारी नळी लावून देतात. ती कधीही लावू देऊ नये. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. लायनर न घालता इन्सर्ट नुसता पोकळीत ढकलून देणे, हा दुसरा प्रचलित आणि तितकाच घातक प्रकार.

धुराड्याच्या उंचीचाही विचार हवा. सिमल्याची उंची सुमारे २२०० मीटर आहे. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट असतो आणि त्या प्रमाणात ओढही कमी बसते. म्हणून पुस्तिकेत लिहिलेल्या किमान उंचीवर समाधान मानू नये. छपराच्या बाबतीत एक सोपा ठोकताळा आहे : धुराड्याचे टोक ते छपरातून जिथे बाहेर येते तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या परिघातील कोणत्याही भागापेक्षा किमान दोन फूट वर असावे. आमचे धुराडे कण्यापेक्षा बुटके होते. पहिल्या दिवशीच्या धुराचे निम्मे कारण तेथेच सापडले.

मापे आणि किलोवॅट

आता पोकळी मोजावी. पुढील रुंदी, मागील रुंदी, उंची आणि खोली, अशी चारही मापे वेगवेगळ्या जागी घ्यावीत. रमफर्डच्या काळापासून चालत आलेल्या उथळ रचनेमुळे पुढून रुंद दिसणारी फायरप्लेस मागे एकदम अरुंद होते, आणि पेटी अर्ध्यातच अडते. कोळशासाठी बांधलेल्या छोट्या फायरप्लेसमध्ये तर बहुतेक इन्सर्ट मावतच नाहीत. समोरच्या जमिनीवर किमान अठरा इंच दगड किंवा फरशी हवी. वरची लाकडी फळी किती दूर असावी, ते पुस्तिकेवरून ठरवावे.

शक्तीचा हिशेब सोपा आहे. बऱ्यापैकी बंदिस्त घरात दर १४ घनमीटरला १ किलोवॅट, असा ढोबळ आडाखा वापरतात. आमची खोली २६८८ घनफूट, म्हणजे ७६ घनमीटर. चौदाने भागले तर साडेपाच किलोवॅट येतात. घर जुने, फटींचे आणि उंच छताचे, म्हणून दहाने भागले, साडेसात आले. याहून मोठी शेगडी घेण्याचा मोह टाळावा. मोठ्या शेगडीने खोली फार तापते, मग आपण हवेची झडप जवळजवळ बंद करून ती धुमसत ठेवतो. धुमसणारी आग म्हणजे काळी काच, रस्त्यावर धूर आणि धुराड्यात क्रिओसोट. आमच्या ग्राहकांच्या दरपत्रकात दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीसाठी १४ किलोवॅटचा इन्सर्ट सुचवलेला होता. छत दहा फूट धरले तरी ती खोली ३४ घनमीटर भरते; तिला साडेतीन किलोवॅट पुरेत.

सरपणाचे पासबुक

सरपण हा विषय मला, हिशेबाच्या माणसाला, सर्वांत रंजक वाटला. येथे सरपण वजनावर विकले जाते आणि ओल्या लाकडात आपण पाण्याला लाकडाचा भाव मोजतो. वीस टक्के ओलाव्याच्या एक किलो लाकडातून सुमारे ४ युनिट उष्णता मिळते. ४० टक्के ओलाव्याच्या किलोतून २.८ युनिट. दर क्विंटलमागे ४० किलो पाणी आपण घरी वाहून आणतो आणि त्याची वाफ करण्यासाठी उरलेल्या लाकडाचा काही भाग जाळतो. ओल्या सरपणावर जगातील उत्तमोत्तम इन्सर्टही धूरच ओकेल.

लाकूड फोडून, छपराखाली, चारही बाजूंनी वारा लागेल असे रचले तर ते वाळायला वर्षभर लागते. बानसारख्या जड लाकडाला दोन वर्षेही लागतात. हिमालयातील हा बान, म्हणजे ओकची एक जात, सावकाश आणि भरपूर निखारा धरून जळतो. सफरचंदाच्या छाटणीतून निघणारे लाकूडही उत्तम. चीड आणि देवदार राळयुक्त असल्याने लवकर पेट घेतात, म्हणून पेटवणासाठी चांगले. केवळ त्यांच्यावर शेगडी चालवू नये. रंग दिलेले किंवा प्लायवूडचे तुकडे मुळीच नकोत. सरपण वन विकास महामंडळाच्या डेपोतून किंवा स्वतःच्या बागेतून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी.

लाकूड वाळले की नाही हे ओळखण्यासाठी ओलाव्याचे छोटे विद्युत मापक मिळते. नव्याने फोडलेल्या बाजूवर ते टोचून पाहावे. मी मात्र एक घरगुती पद्धत वापरतो. ढिगातील पाच ओंडक्यांवर क्रमांक घालायचे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते वजनकाट्यावर ठेवायचे आणि वहीत नोंद करायची. पावसाळा वगळता वजन उतरत जाते. सलग दोन नोंदींत फरक पडेनासा झाला की ढीग वापरायला तयार. पत्नी त्या वहीला ‘सरपणाचे पासबुक’ म्हणते. शिल्लक कमी होत गेल्याचा आनंद मानावा असे माझ्या पाहण्यातले हे एकमेव पासबुक.

आता बचतीचा हिशेब. संध्याकाळी पाच तास सरासरी ४ किलोवॅट उष्णता हवी, म्हणजे रोज २० युनिट. ७० टक्के कार्यक्षमतेच्या इन्सर्टमध्ये त्यासाठी सुमारे ७ किलो कोरडे लाकूड लागते. उघड्या फायरप्लेसमध्ये, १५ टक्के धरले तरी, ३३ किलो. शंभर दिवसांच्या हंगामात ७ क्विंटल विरुद्ध ३३ क्विंटल. अर्थात रोज ३३ किलो लाकूड कोणी जाळत नाही. दहा-बारा किलो जाळतो आणि कुडकुडतो. म्हणून आपल्या भागातील दराने २६ क्विंटलची बचत मांडून कर्जफेडीची स्वप्ने पाहू नयेत. आज प्रत्यक्षात किती जाळता, त्या आकड्यापासून हिशेब सुरू करावा.

जो धोका दिसत नाही

धुराडे तपासण्याचे आम्ही मनावर घेतले, त्याला कारण घडले होते. २०२३ च्या जानेवारीत हिमवर्षावामुळे दोन रात्री वीज नव्हती. आई सांगलीहून आलेली होती. फायरप्लेस धुरकटते म्हणून मी शेजाऱ्यांकडून कोळशाची अंगीठी आणली आणि निखारे लाल झाल्यावर, धूर नाही अशी खात्री करून, आईच्या खोलीत ठेवली. थंडी शिरू नये म्हणून दाराच्या फटीला सतरंजी लावली. रात्री दोनच्या सुमारास तिला असह्य डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली. पित्त झाले असावे, असे तिचे म्हणणे होते. ती उठून दारापर्यंत आली आणि तिथेच बसली, म्हणून आम्हाला जाग आली. पत्नीने खिडक्या उघडल्या, आईला बाहेरच्या गॅलरीत नेले. अर्ध्या तासाने तिला बरे वाटू लागले. सकाळी डॉक्टरांनी सर्व ऐकून घेतले आणि ते पित्त नव्हते, असे सांगितले. अंगीठी मीच आणली होती, सतरंजीही मीच लावली होती.

अपुऱ्या हवेत कोणतेही इंधन जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्यांतून धूर येत नसला तरी हा वायू येतच असतो. इन्सर्ट बंद असतो आणि त्याचा धूर नळीतून बाहेर जातो, म्हणून तो अंगीठीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. पण धुराडे तुंबले, नळीचा सांधा सुटला किंवा निखारे असताना झडप पूर्ण बंद केली, तर तोच वायू खोलीत परतू शकतो. म्हणून बाहेरची हवा आत येण्यासाठी एक कायमचा झरोका ठेवावा. शक्य असल्यास ज्वलनाची हवा नळीने थेट बाहेरून घेणारे मॉडेल निवडावे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरील यंत्र प्रत्येक झोपण्याच्या खोलीत आणि शेगडीच्या खोलीत लावावे. इन्सर्टच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. वर्षातून किमान एकदा, थंडीपूर्वी, धुराडे साफ करून घ्यावे. अंगीठी घेऊन झोपणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

दरपत्रक वाचताना

एवढे समजल्यावर मी ते दरपत्रक पुन्हा उघडले. त्यात तीन इन्सर्ट होते, रंगीत काच होती, पितळी जाळी, पंखा आणि रिमोट कंट्रोल होता. लायनर नव्हते. धुराड्याच्या तपासणीचा, दुरुस्तीचा, टोपीचा उल्लेख नव्हता. ‘बसवणी’ या एका ओळीखाली एक ठोक रक्कम होती. पाच-पन्नास वर्षे न वापरलेल्या धुराड्यांत हे इन्सर्ट नुसते सरकवून दिले जाणार होते आणि त्याखालच्या खोल्यांत पैसे देऊन आलेले अनोळखी लोक लेकराबाळांसह झोपणार होते.

अशा कर्जाचा अर्ज करणाऱ्या ग्राहकांना माझी विनंती आहे की, दरपत्रकात लायनर, त्याचा व्यास व स्टीलची प्रत, वेष्टन, धुराड्याची साफसफाई व दुरुस्ती, छपरावरील टोपी, सूचक यंत्रे आणि बसवल्यानंतरची धूरचाचणी या गोष्टी वेगवेगळ्या ओळींत मागून घ्याव्यात. बहुतेक वेळा हा खर्च प्रत्यक्ष शेगडीच्या खर्चाच्या जवळपास जातो. तो आधीच कर्जात धरला नाही, तर नंतर हात आखडला जातो आणि नेमके लायनरच गाळले जाते. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही. घराच्या विम्याचेही पाहावे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे आणि तीत आग व भूकंप दोन्ही समाविष्ट आहेत. मात्र घरात पर्यटक ठेवणार असाल, तर ते विमा कंपनीला लेखी कळवून योग्य पॉलिसी घ्यावी. दावा करण्याच्या वेळी ही गोष्ट उघडकीस येणे परवडत नाही.

आमच्या निवासस्थानी मालकीणबाईंनी तुळई कापून घेतली, धुराडे उंच केले, लायनर घातले आणि साडेसात किलोवॅटचा, विनापंख्याचा इन्सर्ट बसवला. वाढीव भाड्याला आम्ही राजी झालो; बँकेच्या मर्यादेवरची रक्कम मी भरतो. २०२३-२४ च्या हिवाळ्यात आई पुन्हा येऊन राहिली. सूचक यंत्राचा बारीक हिरवा दिवा लुकलुकताना दिसल्याशिवाय ती दिवा मालवत नाही.

बागायतदार ग्राहक दीड महिन्याने नवे दरपत्रक घेऊन आले. दोन खोल्यांची धुराडी दुरुस्त होण्याजोगी निघाली. त्यांच्यासाठी खोलीच्या मापाचे दोन लहान इन्सर्ट, लायनरसह. तिसऱ्या खोलीचे धुराडे मिस्त्रीने पाहूनच नाकारले होते. तिचे तोंड विटांनी बंद करून तेथे विजेचा हीटर ठेवायचे त्यांनी ठरवले. कर्जाची मागणी त्यामुळे पहिल्यापेक्षा कमी झाली आणि त्या तिमाहीच्या उद्दिष्टात आमच्या शाखेला तेवढी तूट आली.